बाळाचं बीपी कमी आणि फुप्फुसाचं प्रेशर जास्त: सोलापूरच्या एका आईचं पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले आहे, सोलापूरला विडी घरकुलात. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत. दिवस भरून आठवडा उलटला तरी कळा येईनात. मग पाणी गेलं ते हिरवं. बाळानं पोटातच शी केली म्हणून घाईनं सिझर केलं. मुलगी झाली, 3 किलो 100 ग्रॅमची, पण रडली नाही आणि निळी पडली. तेरा दिवस काचेत होती, त्यातले पाच दिवस मशीनवर. तिच्या उजव्या हाताला एक आणि पायाला एक असे लाल दिवे लावले होते. हाताचा आकडा 93 यायचा, पायाचा 81. मी ते वहीत लिहून ठेवायचे. डॉक्टर म्हणायचे, फुप्फुसाचं प्रेशर वाढलंय, हृदयावर ताण आहे. आणि सिस्टर म्हणायच्या, बीपी फार कमी आहे, 48/26, वाढवायचं औषध चालू आहे. प्रेशर वाढलेलं असताना वाढवायचं औषध कशाला, हे मला आजपर्यंत कळलं नाही. मला तिला हातही लावू देत नव्हते.

आता ती 26 दिवसांची आहे, घरी आहे, दूध पिते. टूडी इकोच्या रिपोर्टात पीएफओ लिहिलंय. सासूबाई म्हणतात हृदयात भोक आहे, लपवू नका. मी शेवटच्या महिन्यात कंबरदुखीच्या दोन-तीन गोळ्या मेडिकलमधून आणून खाल्ल्या होत्या, त्यानंच झालं का? आजीला बाळाला शेक-धुरी द्यायची आहे. बारसं सव्वा महिन्याला करायचं चाललंय. आणि काल औषध संपलं म्हणून भाऊ आणायला गेला, तर मेडिकलवाला म्हणाला, हे तर पुरुषांचं औषध आहे, एवढ्याशा पोरीला कुणी दिलं? घरात सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. कालपासून सिल्डेनाफिल बंद केलंय. चालेल ना?

— एक आई, सोलापूर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. सदर प्रसिद्ध होईपर्यंत थांबण्यासारखा तो नव्हता, म्हणून पत्र वाचताच खालच्या नंबरवर तुम्हाला फोन केला. तुम्ही लगेच बाळाच्या डॉक्टरांशी बोललात आणि त्यांच्या सांगण्यावरून औषध पुन्हा सुरू झालं, हे फार बरं झालं. तरी इथे सविस्तर लिहिते, कारण ही चिठ्ठी बघून दचकणारं तुमचं एकट्याचं घर नाही. असे फोन मला पुन:पुन्हा येतात.

सिल्डेनाफिल एकदम बंद करायचं नसतं. या औषधानं फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल राहतात. ते अचानक तोडलं तर त्या पुन्हा आवळल्या जाऊ शकतात, कधी कधी पहिल्यापेक्षा जोरात. ते बंद करायची वेळ येते तेव्हा डॉक्टर इको बघून, डोस पायरीपायरीनं उतरवत बंद करतात. बाळाची तब्येत छान दिसते म्हणून आपण ठरवायचं ते काम नाही. ती छान दिसते त्यात या औषधाचाही वाटा आहे.

आता त्या अवघडलेपणाबद्दल. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधल्या सँडविच इथल्या प्रयोगशाळेत हे औषध शोधलं गेलं, ते हृदयविकारात छातीत येणाऱ्या कळेसाठी. चाचण्यांमध्ये पुरुषांमधला वेगळा परिणाम लक्षात आला आणि 1998 मध्ये ते व्हायग्रा या नावानं त्या कामासाठी बाजारात आलं. त्यामुळे नाव झालं ते तिथेच. पण औषधाचा मूळ गुण रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल करण्याचा आहे, आणि ते ज्या एन्झाइमला अडवतं ते फुप्फुसांत भरपूर असतं. म्हणून 2005 मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या रक्तदाबासाठी त्याला मान्यता मिळाली. नवजात बाळांचे डॉक्टर तर अनेक वर्षं ते वापरत आलेत. विशेषतः जिथे नायट्रिक ऑक्साइड हा महागडा वायू हाताशी नसतो तिथे. आपल्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांत तो नसतो. तुमच्या मुलीला हे औषध फुप्फुसांसाठीच दिलंय. भावाला सांगा, पुढच्या वेळी डिस्चार्ज कार्ड सोबत घेऊन जा आणि त्यावरची आजाराची ओळ मेडिकलवाल्याला दाखव. त्याला शंका आली यात त्याची चूक नाही, शंका यायलाच हवी. पण शंका आली की चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन लावायचा असतो, गिऱ्हाइकाला घाबरवून परत पाठवायचं नसतं.

डोस सुईविना सिरिंजनं मोजून द्या, चमच्यानं नको. दुकानातून नवी बाटली आणली की आधीच्याच ताकदीची आहे का, हे दर वेळी विचारा. एका मिलीत किती औषध आहे ते बदललं तर तोच एक मिली दुप्पट किंवा निम्मा ठरतो. बाळानं डोस उलटून टाकला तर मनानं दुसरा देऊ नका, फोन करा. सर्दी-तापासाठी दुसऱ्या कुणा डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर हे औषध चालू आहे ते आधी सांगा. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरची औषधं सोबत आली की सिल्डेनाफिल शरीरात साठतं आणि बीपी उतरतं.

आता तुमच्या वहीकडे येते. ती तुम्ही ठेवलीत म्हणून मला नीट उत्तर देता येतंय.

पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. फुप्फुसं पाण्यानं भरलेली असतात, त्यांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, आणि हृदयातून निघालेल्या रक्तातलं जेमतेम दहा-वीस टक्के तिकडे जातं. ऑक्सिजन वारेतून मिळतो. बाकीचं रक्त फुप्फुसांना वळसा घालून जावं म्हणून दोन वाटा असतात. एक म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली फट, तुमच्या रिपोर्टातली पीएफओ ती हीच. दुसरी म्हणजे फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीला शरीराच्या मुख्य धमनीशी जोडणारी आखूड नळी, तिला पीडीए म्हणतात. जन्मल्यावर बाळ रडतं, हवा आत जाते, ऑक्सिजन लागतो आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या उघडतात. नाळ बांधली की शरीराचा दाब वर जातो. काही मिनिटांत सगळा प्रवाह फिरतो. नळी बहुधा दोन-तीन दिवसांत मिटते. फट दाबली जाते. फुप्फुसाचा दाब पुढेही कित्येक आठवडे हळूहळू उतरत राहतो.

तुमच्या मुलीचा हा पालट मध्येच अडला. बाळाची पहिली काळपट हिरवी शी घट्ट आणि चिकट असते. ती पाण्यात मिसळून फुप्फुसात गेली, हवेच्या बारीक नळ्या तुंबल्या, सूज आली, ऑक्सिजन कमी पडला. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. म्हणजे दाब गर्भातल्यासारखाच चढा राहिला.

हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांकडे रक्त ढकलते, डावी बाजू सगळ्या शरीराकडे. सिस्टर दंडाला पट्टा बांधून मोजायच्या ते डाव्या बाजूचं बीपी. डॉक्टर बोलत होते ते उजव्या बाजूबद्दल. बोअरच्या मोटारीपुढचा पाइप चेपला तर मोटार गरम होते आणि टाकीत पाणीही चढत नाही, तसं तुमच्या मुलीच्या हृदयाच्या उजव्या कप्प्याचं झालं. तो ताणला, फुगला, आणि मधला पडदा त्यानं डाव्या कप्प्यात ढकलला. फुप्फुसातून रक्तच कमी आलं, तर डाव्या कप्प्याकडे शरीरात पाठवायला उरलं काय? म्हणून बीपी पडलं. ताई, त्या दिवसांत बीपी कमी होतं ते बऱ्याच अंशी फुप्फुसाचं प्रेशर जास्त होतं म्हणूनच.

आणि वाढवायचं औषध कशाला, तेही सांगते. फोनवर तुम्ही मला पहिल्या इकोतला आकडा वाचून दाखवलात, टीआर 52, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा जोर. त्यावरून फुप्फुसाकडच्या दाबाचा अंदाज बांधतात. त्यात साधारण पाच मिळवायचे, म्हणजे 57 च्या आसपास. शरीराचं वरचं बीपी त्या दिवशी 48. मिटायची ती नळी अजून उघडी होती. मग 57 च्या बाजूचं निळं, कमी ऑक्सिजनचं रक्त 48 च्या बाजूला जाणारच. ते थांबवायला डॉक्टरांनी दोन्हीकडून काम केलं. मशीन, ऑक्सिजन आणि सिल्डेनाफिलनं फुप्फुसाचा दाब उतरवायचा, आणि बीपीच्या औषधानं शरीराचा दाब चढवायचा. दिवस भरलेल्या बाळाचं वरचं बीपी पहिल्या दिवसांत साधारण 60 ते 80 असतं. 48 वर थांबून चाललं नसतं.

तुमच्या वहीतले 93 आणि 81, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, हेही तेच सांगतात. उजव्या हाताची धमनी त्या नळीच्या आधीच निघते, म्हणून उजव्या हाताला चांगलं रक्त मिळत होतं. पाय त्या जोडाच्या पुढे आहेत, तिथे निळं रक्त मिसळून पोचत होतं. बारा आकड्यांचा फरक म्हणजे नळीतून प्रवाह उलटा चाललाय, हे डॉक्टरांना इकोचं मशीन आणण्याआधीच कळलेलं असणार. आता घरी जायच्या दिवशीचा रिपोर्ट बघा. टीआर 24, बीपी 72. आणि पीएफओपुढे लिहिलंय, लेफ्ट टू राइट, म्हणजे डावीकडून उजवीकडे. पहिल्या रिपोर्टात त्याच जागी बायडायरेक्शनल होतं, म्हणजे दोन्हीकडे. प्रवाह फिरला, ताई. मला या दोन कागदांत सगळ्यात आनंद देणारी ओळ तीच वाटते.

सासूबाईंना सांगा, हे जन्मजात व्यंगाचं भोक नव्हे. प्रत्येक बाळ ही फट घेऊनच जन्माला येतं. चांगल्या धडधाकट मोठ्या माणसांतही चौघांमागे एकाची ती थोडी उघडी राहिलेली असते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. लपवण्यासारखं काही नाही. उद्या तिच्या लग्नाच्या वेळी हा विषय निघू नये म्हणून कागद फाडून टाकणारी माणसंही मी पाहिलीत. कृपा करून कागद जपून ठेवा.

हात लावू न देण्याबद्दल. तुम्ही पत्रात एकच वाक्य लिहिलंत, पण ते तुम्हाला किती लागलंय ते कळतं. त्या पाच दिवसांत बाळाला हलवलं, डायपर बदलला, जोरात आवाज झाला, तरी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळायच्या आणि आकडे कोसळायचे. म्हणून सिस्टरसुद्धा सगळी कामं एकत्र करून मग तिला शांत पडू देत असणार. तुम्हाला दूर ठेवणं हा उपचाराचा भाग होता. हे तेव्हाच कुणी तुम्हाला दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. आता मात्र तिला हवं तितकं जवळ घ्या. उघड्या छातीवर, अंगाला अंग लावून, दिवसातून जितका वेळ जमेल तितका. सवय लागेल म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

कंबरदुखीच्या गोळ्यांचं खरं ते सांगते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शेवटच्या महिन्यांत घेऊ नयेत. त्यांनी ती नळी पोटातच आकसू शकते, म्हणून विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टर त्या टाळायला सांगतात. पुढच्या खेपेला मेडिकलमधून परस्पर काहीही आणू नका. पण तुमच्या मुलीच्या आजाराचं कारण डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट आहे. दिवस उलटून गेले, पाणी हिरवं झालं, ते श्वासात गेलं. शंभर बाळंतपणांत दहा-पंधरांना हिरवं पाणी असतं, त्यातल्या थोड्याच बाळांना पुढे त्रास होतो, आणि तो कुणाला होईल ते आईच्या हातात नसतं. सिझरची सही करायला तुम्ही वेळ लावला नाहीत. हे दोन-तीन गोळ्यांचं ओझं खाली ठेवा.

धुरी द्यायची नाही. यावर माझं मत पक्कं आहे आणि आजींचा मान राखूनही ते बदलणार नाही. शेगडीवर ओवा, धूप टाकून बाळाला त्या धुरावर धरायचं, हे ज्या फुप्फुसांनी महिन्याभरापूर्वी एवढं सोसलं त्यांच्यासाठी घातकच आहे. उदबत्ती, डासांची कॉइल, सगळं त्यातच आलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात शेकाची गरजही नसते. तेल चोळायला आजींना जरूर सांगा, हलक्या हातानं, नाकात-कानात तेल न घालता. त्यांनाही काही करायला मिळेल. बाळगुटी, मध नको, फक्त तुमचं दूध.

तुमच्या आई घरात विड्या वळतात, हे तुम्ही फोनवर संकोचून सांगितलंत. त्यात संकोच कसला? विडी घरकुलातली कितीतरी घरं त्या कामावर उभी आहेत. पण तंबाखूचं सूप बाळ झोपतं त्या खोलीत नको. ओसरीत, नाहीतर शेजारणीकडे बसून काम करता येईल का बघा. तंबाखूची भुकटी पदरावर, बोटांवर राहते, म्हणून काम उरकलं की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, साडी बदलायची, मग नातीला घ्यायचं. आणि घरात कुणी बिडी ओढत असेल तर ती घराबाहेर, आणि ओढून आल्या आल्या बाळाला घ्यायचं नाही.

बारसं करा, पण घरातल्या घरात. चाळीस माणसांनी गालाला हात लावायचा नाही. ज्याला सर्दी आहे त्यानं पेढा न्यावा आणि दारातूनच बघावं. साध्या सर्दीनंही या बाळांचा फुप्फुसाचा दाब पुन्हा चढू शकतो. त्यामुळे दीड महिन्याच्या लशी वेळेवर हव्यात, न्यूमोनियाची लस त्यात असते. चाकणला जायची घाई पुढचा इको होईपर्यंत करू नका.

घरी कशावर नजर ठेवायची? हातपाय थंड पडून निळसर दिसले तर बहुतेक वेळा काही नसतं, पांघरूण घाला. ओठ आणि जीभ निळी दिसली तर मात्र थांबायचं नाही. पिताना कपाळाला घाम येणं, दोन घोट घेऊन धाप लागल्यासारखं सोडून देणं, कण्हत श्वास घेणं, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जाणं, उठवूनही प्यायला न उठणं, हीही तशीच लक्षणं. ती शांत झोपलेली असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. साठच्या वर सतत येत असतील तर 108 ला फोन लावा आणि सिव्हिलला किंवा जिथे ती भरती होती तिथे घेऊन जा. सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्या बाळांचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. खासगीत दाखल करायची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजना तिथे लागू आहे का, हे आरोग्यमित्राला आधी विचारा. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा. रोज वीस-तीस ग्रॅम वाढत असेल तर हृदयाला दूध पचवायची ताकद आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, कारण ती कुणी तुम्हाला सांगितलेलीच दिसत नाही. कानाची तपासणी. या आजारातून उठलेल्या काही मुलांना ऐकू कमी येतं, आणि ते कधी कधी लगेच न येता काही महिन्यांनी येतं. टाळी वाजवल्यावर दचकते, म्हणून कान ठीक आहेत असं समजू नका. सगळे आवाज सारखे जात नाहीत, काही सूर गेलेले असले तरी टाळी ऐकू येते. हिची बेरा तपासणी तीन महिन्यांच्या आत झालीच पाहिजे, आणि ती चांगली आली तरी पुढे बोलायला लागेपर्यंत ठरावीक काळानं पुन्हा करायची. झोपेत करायची तपासणी आहे, सुई नसते, दुखत नाही. मान कधी धरते, हसते कधी, वस्तू कधी पकडते हेही त्याच भेटींत बघितलं जातं. पुढच्या इकोला जाल तेव्हा दोन्ही इकोचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, औषधाची बाटली आणि तुमची ती वही सोबत न्या, आणि बेराची चिठ्ठी त्याच दिवशी तारखेसह लिहून घ्या. सिव्हिलमध्ये कान-नाक-घसा विभागात विचारा. आशाताई घरी येतात त्यांनाही सांगून ठेवा, तारीख चुकली तर त्या आठवण करतील.